कुष्ठरोगाच्या जंतूतील निकामी जनुके : निदान आणि औषधयोजनेची नवी दिशा

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक एखादा लेख लिहावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा मनापुढे प्रथम उभा राहिला तो आमच्या आळीतील एक विणकर. मी त्या वेळी शाळकरी मुलगा होतो. आमच्या बुऱ्हाणपुरात सकाळपासून मागांची खडखड सुरू होते आणि तिच्याच तालावर आम्ही पाढे पाठ केले. एके दुपारी हा गृहस्थ ओट्यावर बसून बिडी ओढीत होता. बोलण्याच्या नादात बिडी जळत जळत बोटांपर्यंत आली, कातडी भाजल्याचा वास आम्हां मुलांना आला, पण त्यास काहीच कळले नाही. "काका, बोट जळतंय!" असे आम्ही ओरडलो तेव्हा त्याने हात झटकला आणि बोटाकडे परक्याच्या बोटाकडे पाहावे तसे पाहिले.

त्याच्या दंडावर एक फिकट चट्टा दोन वर्षांपासून होता आणि घरच्यांना तो ठाऊक होता, असे पुढे कानी आले. मुलीचे लग्न व्हायचे होते म्हणून त्यांनी तो कोणास दाखवला नाही. नंतर औषध मिळाले, जंतूही मेले. परंतु वाकलेली बोटे सरळ झाली नाहीत. तुटलेला धागा चिमटीत धरून जोडणे हे बोटांचेच काम. माग सुटला तो कायमचा सुटला.

ज्या जंतूने हे केले त्याच्याविषयी गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांना एक मोठी विलक्षण गोष्ट समजली आहे. ह्या जंतूची बरीचशी यंत्रसामग्री मोडून पडलेली आहे, आणि त्या मोडतोडीतूनच त्याला ओळखण्याच्या व मारण्याच्या वाटा सापडत आहेत. ही हकीकत साध्या भाषेत सांगावी, हा ह्या लेखाचा हेतू.

न वाढणारा जंतू

नॉर्वे देशातील डॉ. हॅन्सन ह्यांनी १८७३ साली कुष्ठरोग्याच्या शरीरातील जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहिला. तोवर हा रोग आनुवंशिक आहे, पूर्वकर्माचे फळ आहे, अशा नाना समजुती प्रचलित होत्या. हॅन्सन ह्यांच्या शोधाने त्यांच्या मुळावरच घाव घातला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८८२ मध्ये, जर्मनीत रॉबर्ट कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू शोधला आणि तो प्रयोगशाळेत वाढवूनही दाखवला. कुष्ठरोगाचा जंतू क्षयाच्या जंतूचा जवळचा भाऊबंद. तोही असाच वाढवता येईल आणि मग त्यावर औषधे पारखता येतील, असे सर्वांस वाटले. परंतु हा जंतू काचेच्या बशीत काही केल्या वाढेना. आजतागायत तो कोणत्याही कृत्रिम खाद्यावर वाढलेला नाही.

ह्या कोड्याशी आपल्या मराठी मुलखाचाही संबंध आलेला आहे. आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन ह्या संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यास गेले होते. जंतू बाहेर वाढत नाही, तर निरोगी माणसाच्या शरीरात तरी वाढतो का, हे पाहण्याच्या प्रयोगासाठी त्यांनी तेथे स्वतःचे शरीर देऊ केले व जंतू टोचून घेतले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्यांना रोग झाला नाही. मुंबईत परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत रामजी खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि बापट ह्या संशोधकांनी १९५८ साली कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. त्यापासून पुढे लसही तयार करण्यात आली. परंतु नंतरच्या बारीक तपासणीत तो जंतू त्याच कुळातील दुसऱ्या जातीचा ठरला. खरा कुष्ठजंतू पुन्हा एकदा हातून निसटला होता.

अमेरिकेत १९६० साली डॉ. शेपर्ड ह्यांनी उंदराच्या तळपायात ह्या जंतूची थोडी वाढ होते, असे दाखवले. पुढे १९७१ मध्ये आर्माडिलो ह्या पाठीवर कवच असलेल्या अमेरिकन प्राण्यात तो भरपूर वाढतो, असे आढळले. ह्या प्राण्याचे शरीर माणसापेक्षा थंड असते, आणि कुष्ठजंतूस थंडावा मानवतो. म्हणूनच तो आपल्या त्वचेत, नाकात आणि हातापायांच्या मज्जातंतूंत वस्ती करतो. तेथेही त्याची वाढ अत्यंत संथ असते. इतर कित्येक जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. ह्यास त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे जंतू शरीरात शिरल्यापासून चट्टा उमटेपर्यंत पाच वर्षे जातात, कधी वीसही.

हा जंतू एवढा परावलंबी आणि एवढा मंद का, ह्याचे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोणास देता आले नाही. ते उत्तर समजण्यासाठी जनुक म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

पुठ्ठ्याची माळ आणि माग

बुऱ्हाणपूरकरांस हे समजावून देण्यासाठी फार लांब जावयास नको. नक्षीच्या साडीचा माग ज्यांनी पाहिला असेल त्यांना भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची ती लांब माळ आठवत असेल. कोणत्या वेळी ताण्याचे कोणते धागे उचलायचे, हे त्या भोकांवरून ठरते. माळ बदलली की काठावरचा मोर जातो आणि कोयरी येते.

प्रत्येक सजीव पेशीत अशाच माळांचे एक कोठार असते. त्यास डी.एन.ए. म्हणतात. त्यातील एकेक माळ म्हणजे एकेक जनुक. मूळ माळ कोठाराबाहेर जात नाही. तिची नक्कल काढून ती कामावर पाठवली जाते. ह्या नकलेस आर.एन.ए. असे नाव आहे. नक्कल ज्या मागावर चढते त्या मागाचे नाव रायबोसोम, आणि त्यावर विणून निघणारे कापड म्हणजे प्रथिन. शरीर घडवणे, अन्न पचवणे, विषाचा निचरा करणे ही पेशीतील बहुतेक सगळी कामे प्रथिनेच करतात. आणखी एक गंमत अशी की रायबोसोम हा मागसुद्धा आर.एन.ए. आणि प्रथिने ह्यांचाच बनलेला असतो. म्हणजे माग घडवण्याचे नमुनेही त्याच कोठारात असतात.

आता समजा, एखाद्या माळेचे दोन पुठ्ठे फाटले, चारांना कसर लागली, मधलेच काही गहाळ झाले. माळ खुंटीवर लटकलेली दिसते, परंतु तिच्यावरून धड कापड निघत नाही. पेशीच्या कोठारातील अशा निकामी माळेस शास्त्रज्ञ छद्मजनुक म्हणतात. दिसायला जनुक, पण कामाला नाही. साध्या मराठीत आपण त्यास निकामी जनुक म्हणू.

कोठाराची मोजदाद

क्षयाच्या जंतूच्या कोठाराची संपूर्ण मोजदाद १९९८ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या डी.एन.ए.त सुमारे ४४ लाख अक्षरे आणि सुमारे ४००० जनुके आढळली. त्यानंतर पॅरिसची पाश्चर संस्था व इंग्लंडमधील सँगर केंद्र येथील शास्त्रज्ञांनी डॉ. स्टुअर्ट कोल ह्यांच्या नेतृत्वाखाली कुष्ठजंतूचे कोठार उघडले. त्यासाठी वापरलेला जंतू मूळचा आपल्या तामिळनाडूतील रुग्णाकडून घेऊन आर्माडिलोत वाढवलेला होता. ही मोजदाद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सर्वच चकित झाले.

कुष्ठजंतूच्या डी.एन.ए.त सुमारे ३२ लाख ६८ हजार अक्षरे निघाली. कामाची जनुके निघाली सुमारे १६००, आणि निकामी जनुके निघाली १,१०० हून अधिक! इतक्या मोठ्या प्रमाणात मोडतोड झालेला जंतू तोवर कोणी पाहिला नव्हता.

ह्याचा उलगडा शास्त्रज्ञ असा करतात. कुष्ठजंतूचे पूर्वज एके काळी स्वतंत्रपणे जगत असावेत. मग ते दुसऱ्याच्या पेशीत राहावयास आले. तेथे अन्न आयते, निवारा आयता. ज्या घरात रोज तयार पोळी येते त्या घरातील जाते गंजले तरी कोणाचे काही अडत नाही. तसेच येथे झाले. हजारो वर्षांच्या ओघात एकेक जनुक बिघडत गेले आणि जंतूचे काही अडले नाही. परंतु असे होता होता परतीची वाट बंद झाली. आता दुसऱ्याच्या पेशीबाहेर तो वाढू शकत नाही. काचेच्या बशीत त्याला का वाढवता येत नाही, ह्या सव्वाशे वर्षांच्या कोड्याचे बरेचसे उत्तर ह्या फाटक्या माळांत आहे.

एवढ्या पडझडीत एक गोष्ट मात्र त्याने जपून ठेवली आहे, ती म्हणजे रायबोसोम. कारखान्यातील निम्मे खोके धूळ खात पडले तरी निदान माग चालू राहिलाच पाहिजे, नाही तर कारखाना उरतच नाही. तसेच हे.

न चालणारे औषध

निकामी जनुकांचा औषधांशी संबंध काय, हे एका जुन्या उदाहरणाने स्पष्ट होईल. क्षयावरील आयसोनियाझिड ह्या औषधाचा गुण १९५२ साली सिद्ध झाला आणि ते आजही क्षयाचे एक मुख्य औषध आहे. हे औषध गिळताना निरुपद्रवी असते. क्षयाच्या जंतूत कॅटालेज जातीचे एक प्रथिन असते. ते ह्या औषधावर क्रिया करते आणि त्यातून जंतूचे मारक विष तयार होते. जणू चोर स्वतःच्याच हाताने बंदुकीचा चाप ओढतो.

कुष्ठजंतू क्षयजंतूचा भाऊबंद, तेव्हा हे औषध त्यावरही चालेल असे वाटणे साहजिक होते. पण ते चालत नाही. कारण कुष्ठजंतूतील त्या प्रथिनाचे जनुक निकामी आहे. चाप ओढणारा हातच नसेल तर बंदूक उडणार कशी? येथे औषध कमकुवत नव्हते की रोग्याने पथ्य मोडले नव्हते; फाटलेल्या एका माळेने त्या औषधाचे भवितव्य ठरवून टाकले होते.

एकच उरलेली वाट

आता ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण पाहू. मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना ह्यांच्या अमदानीत बुऱ्हाणपुरात भूमिगत भंडारे बांधले गेले आणि सातपुड्यातून झिरपणारे पाणी शहरात खेळवले गेले. त्यांपैकी काही काळाच्या ओघात बुजले. लालबागेजवळचा कुंडी भंडारा आजही पाहावयास मिळतो. ज्या शहराला अनेक भंडाऱ्यांचे पाणी आहे त्याचा एक भंडारा शत्रूने अडवला तरी शहर तग धरते. परंतु बाकीचे भंडारे आधीच बुजून गेले असतील आणि एकच उरला असेल, तर तेवढा एक अडवला की पुरे.

जंतूंना शक्ती मिळवण्यासाठी श्वसनाची साखळी लागते. क्षयाच्या जंतूत तिच्या शेवटच्या टप्प्याला दोन वाटा आहेत. एक अडवली तर तो दुसरीने निभावून नेतो. कुष्ठजंतूची दुसरी वाट जनुके निकामी होऊन कायमची बंद पडलेली आहे. टेलासेबेक नावाचे एक नवे औषध मुळात क्षयासाठी शोधले गेले. ते नेमकी पहिली वाट अडवते. क्षयाच्या जंतूला पळवाट आहे, कुष्ठजंतूला नाही. उंदरांवरील प्रयोगांत ह्या औषधाच्या अत्यल्प मात्रेनेही कुष्ठजंतू मरतात असे आढळले आहे. कुष्ठरोग्यांसाठी ते अद्याप प्रायोगिक अवस्थेतच आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु विचाराची दिशा महत्त्वाची आहे. जंतूचे जे जनुक मेले ते आपल्याला सांगते की येथे ह्याला दुसरा आधार उरलेला नाही.

रायबोसोमचीही गोष्ट अशीच. आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका सामान्य जंतूपाशी रायबोसोमचा आर.एन.ए. घडवणाऱ्या जनुकांचे सात संच असतात. कुष्ठजंतूपाशी एकच संच आहे. क्लॅरिथ्रोमायसिन आणि मिनोसायक्लिन ही औषधे जंतूच्या रायबोसोमवर जाऊन बसतात आणि माग थांबवतात. नेहमीची औषधे ज्या रुग्णास सोसत नाहीत किंवा लागू पडत नाहीत, त्याच्यासाठी ती राखीव म्हणून उपयोगी पडतात. मात्र एकच संच असण्यात धोकाही आहे. त्या एका संचात नेमक्या जागी एका अक्षराचा फरक पडला तर औषधाला बसायला जागा राहात नाही. म्हणूनच कुष्ठरोगात एकच औषध एकट्याने देत नाहीत.

हा धडा जगाने मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. डॅप्सोन हे औषध १९४० च्या दशकात आले आणि पुढे कित्येक वर्षे एकट्यानेच दिले गेले. त्याला न जुमानणारे जंतू १९६४ साली निश्चितपणे दाखवले गेले. अखेर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमीन आणि डॅप्सोन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. तीच बहुविध औषधयोजना आजही चालू आहे.

जिवंत की मृत?

औषधांइतकाच निदानाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कुष्ठरोगात मेलेले जंतू त्वचेतून लवकर निघून जात नाहीत. काही रुग्णांत ते वर्षानुवर्षे राहतात. औषध पूर्ण झालेल्या रुग्णाच्या अंगावर दोन वर्षांनी पुन्हा लाली आली, गाठी सुजल्या, तर डॉक्टरांपुढे पेच पडतो. हा रोग उलटला आहे, की मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर भडकले आहे? पहिल्या प्रकारात जंतुनाशक औषधे पुन्हा द्यावी लागतात, दुसऱ्यात सूज उतरवणारी. विलंब झाला तर मज्जातंतू जातो आणि त्याबरोबर बोटे. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत आणि मृत जंतूंत निश्चित भेद करणे कठीण असते, आणि बशीत वाढवून पाहावे तर हा जंतू वाढत नाही.

डी.एन.ए.ची तपासणी फार सूक्ष्म असते. कुष्ठजंतूच्या डी.एन.ए.त एक विशिष्ट मजकूर सुमारे ३७ ठिकाणी पुन्हा पुन्हा आलेला आहे. त्यामुळे नमुन्यात थोडेसे जंतू असले तरी तो हाती लागतो. परंतु डी.एन.ए. टिकाऊ आहे. कारखाना बंद पडला तरी कोठारातील माळा लटकतच राहतात. आर.एन.ए. मात्र अल्पायुषी; कामापुरती काढलेली नक्कल. जंतू मेला की ती लवकर नष्ट होते. म्हणून जंतू जिवंत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी संशोधक रायबोसोमचा आर.एन.ए. मोजतात. मागाची खडखड ऐकू आली की समजावे, आत काम चालू आहे.

येथेच निकामी जनुकांविषयी आणखी एक नवल उघडकीस आले. फाटलेल्या माळेची कोणी नक्कल काढणार नाही, असा सर्वांचा समज होता. परंतु २००९ साली जपानमधील आणि अमेरिकेतील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की कुष्ठजंतूच्या पुष्कळ निकामी जनुकांच्याही आर.एन.ए. नकला निघतात. जपानी संशोधकांना त्या रुग्णांच्या त्वचेच्या नमुन्यांतही सापडल्या. ह्या नकला दुसऱ्या कोणत्याही जंतूत असणार नाहीत. त्या कुष्ठजंतूच्या खास खुणा होत. रोग ओळखण्यास आणि औषधाचा गुण येतो आहे की नाही हे पडताळण्यास त्या उपयोगी पडतील, अशी आशा त्यातून निर्माण झाली आहे. अजून ही तपासणी गावच्या दवाखान्यात पोहोचलेली नाही.

आपल्या शरीरातील निकामी माळा

हे सारे वाचून जंतूस हसू नये, कारण आपलीही गत फार निराळी नाही. माणसाच्या रायबोसोममध्ये सुमारे ८० प्रकारची प्रथिने असतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली दाखवले की ह्या ८० प्रथिनांच्या जनुकांच्या २००० हून अधिक निकामी प्रती आपल्या डी.एन.ए.त विखुरलेल्या आहेत! त्या झिजून निर्माण झालेल्या नाहीत. कामावर निघालेली आर.एन.ए. नक्कल उलट फिरून पुन्हा कोठारात भलत्याच जागी चिकटली, असे युगानुयुगे होत आले. रायबोसोमची प्रथिने सतत लागतात, त्यांच्या नकला सतत निघतात, म्हणून चिकटणेही त्यांचेच अधिक.

ह्या प्रती म्हणजे निव्वळ केरकचरा, असे पुष्कळ दिवस मानले जाई. परंतु २०१० साली अमेरिकन संशोधकांना असे आढळले की कर्करोगाला आवर घालणाऱ्या एका जनुकाची निकामी प्रत त्या खऱ्या जनुकाचे रक्षण करते. खऱ्या जनुकाच्या नकला बंद पाडणारे बारीक आर.एन.ए. ती स्वतःच्या अंगावर झेलते. रायबोसोमच्या निकामी प्रतींपैकीही काहींपासून निरनिराळ्या अवयवांत आर.एन.ए. निघतो, असे २०१२ मध्ये दाखवण्यात आले. कर्करोगासारख्या व्याधीची खूण म्हणून किंवा औषधाचे लक्ष्य म्हणून त्यांचा उपयोग होईल का, ह्याचा शोध सुरू आहे. ह्या प्रती खऱ्या जनुकांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की तपासणीत त्या खऱ्यांची जागा घेऊन फसवतात, ही अडचणही मोठी आहे. तेव्हा रक्ताच्या एका थेंबावरून सर्व जनुकांचे भविष्य सांगतो असे म्हणत कोणी भरमसाट पैसे मागितले, तर प्रथम आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आज काय करावे

प्रयोगशाळेतील ह्या वाटा पुऱ्या होतील तेव्हा होवोत. आज हाती असलेले साधनही कमी नाही. आपल्या शेजारच्या विदर्भाने ह्या कामी देशाला वाट दाखवली आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा आरंभली. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी तपोवन उभारले. वरोऱ्यास बाबा व साधनाताई आमटे ह्यांनी आनंदवन फुलवले. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वार्देकर ह्यांनी घरोघर जाऊन तपासणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री रूढ केली. रुग्ण आपल्याकडे येईल ह्याची वाट न पाहता आपणच त्याच्या दारी जावे, हे त्यातील मर्म.

भारतात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशपातळीवर २००५ च्या अखेरीस गाठले गेले. त्यामुळे रोग गेला असा पुष्कळांचा समज झाला. तो खरा नाही. आजही जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात आढळतात.

म्हणून घरातील कर्त्या माणसांनी एवढे ध्यानात ठेवावे. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर तो चट्टा डॉक्टरांस दाखवावा. हातापायांस मुंग्या येणे, बधिरपणा, पकड सैल होणे, भाजलेले न कळणे ह्या खुणाही तशाच समजाव्या. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध विनामूल्य मिळते. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने औषध घ्यावे लागते आणि ते पुरे करावे लागते. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्यास लागण होण्याचे भय राहात नाही. त्यास घराबाहेर काढण्याचे किंवा त्याचे ताटवाटी वेगळे करण्याचे काहीच कारण नाही. बहुसंख्य माणसांत ह्या जंतूस तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. रुग्णाच्या सहवासातील माणसांनाही तपासून रिफाम्पिसिनची एक मात्रा प्रतिबंधासाठी दिली जाते.

कायदाही आता बदलला आहे. कुष्ठरुग्णांना वेगळे डांबण्याचा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळण्यात आला. कायद्याने जे सोडले ते आपल्या मनानेही सोडले पाहिजे. आमच्या आळीतील त्या विणकराच्या बोटांचा घात जंतूने जितका केला तितकाच दोन वर्षे झाकून ठेवलेल्या चट्ट्याने केला. मुलीचे लग्न पुढे झाले. पण ज्या मागावर तिच्या लग्नाचे पैसे उभे राहिले, त्या मागावर बाप पुन्हा बसू शकला नाही.

ज्या जंतूची एक हजारांवर जनुके मोडून पडली आहेत, तो वेळीच औषध मिळाल्यास हमखास मरतो. त्याला वेळ मिळतो तो आपल्या लपवाछपवीमुळे. ही स्मरणिका ज्या ज्या घरी जाईल तेथे निदान एकदा सर्वांनी परस्परांच्या पाठीवर, दंडांवर नजर टाकावी आणि शंका आल्यास दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा, एवढी विनंती करून लेख पुरा करतो.